पुण्याच्या गणेशोत्सवाचा जमाखर्च

पुण्याच्या लष्कर भागात, एम्प्रेस गार्डनजवळ, आयर्लंडचा संरक्षक संत पॅट्रिक याच्या नावाचे जे कॅथेड्रल उभे आहे ते १८५० साली बांधले गेले, आणि मुख्यतः इंग्रजी फौजेत चाकरीस असलेल्या आयरिश शिपायांच्या उपासनेची सोय व्हावी हा त्यामागील हेतू होता. शिपाई गेले, फौज गेली, साम्राज्यही गेले, संताचे नाव मात्र त्या वास्तूवर कायम राहिले. त्याच संताचा सतरा मार्च हा दिवस अटलांटिकपलीकडे कोणत्या थाटाने साजरा होतो याची वार्ता पुणेकराच्या कानी सहसा येत नाही, आणि आली तरी तिच्याशी आपला काही संबंध असावा असे त्याला वाटत नाही. संबंध आहे, आणि टिळकांनी १९१६ साली बेळगावी होमरूल लीग स्थापताना आयरिश चळवळीचे नाव उचलले एवढ्यावर तो संपत नाही. एखादा समाज आपल्या वारशाचा उत्सव मांडतो तेव्हा त्याला लागणारा पैसा कोणाच्या खिशातून निघतो, कोणाच्या हातून खर्ची पडतो आणि त्याचा जाब अखेर कोण कोणाला विचारतो, हा प्रश्न डब्लिनला, न्यूयॉर्कला आणि पुण्याच्या लक्ष्मी रस्त्याला सारखाच लागू पडतो.

आयरिश उदाहरण थोडक्यात सांगण्याजोगे आहे. न्यूयॉर्कमधील पॅट्रिकच्या मिरवणुकीची परंपरा १७६२ पासूनची, म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याहूनही जुनी. देश सोडून आलेल्या, परक्या मुलखात हिणवल्या गेलेल्या माणसांनी आपण कोण आहोत हे भर रस्त्यावर सांगण्यासाठी ती काढली. खुद्द आयर्लंडात मात्र हा दिवस दीर्घकाळ प्रार्थनेचा आणि कोटावर शॅमरॉकची तिपानी खोचण्याचा होता. १९०३ साली त्याला सार्वजनिक सुटीचा मान मिळाला, आणि १९२७ च्या कायद्याने त्या दिवशी मद्यगृहे बंद ठेवण्याचा जो दंडक आला तो १९६० च्या सुमारास उठेपर्यंत कसोशीने पाळला गेला. घरी व्रतस्थ आणि परदेशी उधळा, असे या सणाचे चमत्कारिक द्वैत होते. शिकागोच्या नळकामगारांच्या संघटनेने १९६२ साली नदीत हिरवा रंग ओतला, तो गटारांची गळती शोधण्यासाठी वापरात असलेला रंग होता, आणि त्या पहिल्या वर्षी नदी जवळजवळ आठवडाभर हिरवी राहिली. आज अमेरिकेतील किरकोळ व्यापाऱ्यांचा राष्ट्रीय संघ या एका दिवसाच्या खरेदीचा अंदाज सुमारे सात अब्ज डॉलरांचा बांधतो. हे पाहून आयरिश सरकारलाही जाग आली व १९९६ पासून डब्लिनमध्ये प्रवाशांना आकर्षून घेणारा सरकारपुरस्कृत महोत्सव भरू लागला. पुण्यात ही बुद्धी सात वर्षे आधीच सुचली होती: सुरेश कलमाडी यांच्या पुढाकाराने १९८९ साली सुरू झालेल्या ‘पुणे फेस्टिव्हल’चा उद्देश गणेशोत्सवाच्या दिवसांत देशी-विदेशी प्रवासी शहरात यावेत हाच होता.

परंतु पुण्यातील पैशाची कथा त्याहून कितीतरी जुनी आहे. पेशवे गणपतीचे उपासक. शनिवारवाड्यात गणेश रंगमहाल होता, तेथे भाद्रपदात कीर्तने, गायन, नृत्य, ब्राह्मणभोजने होत, आणि त्या खर्चवेचाची नोंद कारकुनांनी राजकारभाराच्या इतर खर्चाबरोबरच दफ्तरात केली. खर्च करणारा एक, आश्रित अनेक, आणि प्रेक्षक त्याहून अनेक, अशी ती व्यवस्था होती. श्रावणातल्या दक्षिणेचेही तसेच. पर्वतीच्या पायथ्याशी रमण्यात लाखो रुपये वाटले जात आणि त्या वाटपातून पेशव्याचे पुण्य व पेशव्याची कीर्ती दोन्ही साधत. १८१८ नंतर हा आश्रयदाता नाहीसा झाला. इंग्रज अधिकारी एल्फिन्स्टनने दक्षिणा एकाएकी बंद न करता तिची रक्कम आवरली आणि तिच्यातूनच १८२१ साली विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा काढली. गणपती मात्र त्यानंतर सत्तर-पंचाहत्तर वर्षे सरदारांच्या वाड्यांत आणि गृहस्थांच्या देवघरांत राहिला. म्हणजे सार्वजनिक उत्सव जन्मास आला तो अशा काळात की ज्यात मोठा धनी उरला नव्हता, आणि माझ्या मते त्या उत्सवाच्या स्वभावाची किल्ली येथेच आहे.

त्याच्या जन्माची हकिकत वादग्रस्त आहे आणि पुण्यात ती तशीच राहील. १८९२ साली सरदार नानासाहेब खासगीवाले ग्वाल्हेरला गेले, तेथील दरबारी गणेशोत्सवाचा सार्वजनिक थाट त्यांनी पाहिला, आणि परतल्यावर त्यांनी तो आपल्या मित्रांना सांगितला. भाऊसाहेब रंगारी, घोटवडेकर आणि खासगीवाले यांचे गणपती प्रथम बसले. टिळकांनी ‘केसरी’तून या उपक्रमाचा पुरस्कार केला आणि १८९४ साली विंचूरकर वाड्यात स्वतः गणपती बसवला. आद्य प्रवर्तक कोण, यावर २०१७ साली महापालिकेने सव्वाशेवे वर्ष साजरे करायला घेतले तेव्हा जो कलह माजला त्याची गोडी ज्यांना असेल त्यांनी ती खुशाल चाखावी. आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे, आणि ती म्हणजे या मंडळींनी खर्चाचा भार घरोघर वाटून दिला. तो काळच थेंबाथेंबाने तळे साठवण्याचा होता. रायगडावरील शिवछत्रपतींच्या समाधीच्या जीर्णोद्धारासाठी १८९५ साली ‘केसरी’ने जो निधी उभारला त्यात सामान्य माणसाचे आणे-पैसे होते, आणि पुढे अंताजी दामोदर काळे यांनी पैसा फंड काढून त्यातून १९०८ साली तळेगावचा काच कारखाना उभा केला. गणपतीची वर्गणी ही याच घराण्यातली. तिचे वैशिष्ट्य असे की देणारा लहान असतो, ओळखीचा असतो, समोरच राहतो, आणि पुढच्या वर्षी पुन्हा त्याच्याच दारी जावयाचे असते. सबब त्याला दुखावून चालत नाही.

त्यातून जे वातावरण निर्माण झाले ते सर्वांशी गोड होते असे मानण्याचे कारण नाही. उत्सवात गात फिरणाऱ्या मेळ्यांच्या पद्यांना सरकार इतके भ्याले की १९१० च्या सुमारास त्यांवर कडक निर्बंध आले. आणि विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात केशवराव जेधे व दिनकरराव जवळकर यांनी ‘छत्रपती मेळा’ काढून उत्सवावरील ब्राह्मणी वर्चस्वालाच रस्त्यावर आव्हान दिले. कुणाचा गणपती, कुणाची वर्गणी, कुणाचे पद, असा तो झगडा होता, आणि तो झगडा होऊ शकला याचे श्रेयही वर्गणीच्या पावतीपुस्तकाला द्यावे लागते. कारण ज्याने पैसे दिले त्याला बोलण्याचा हक्क आहे हे तत्त्व त्यात गृहीत होते.

त्या पावतीपुस्तकाची आणि त्याच्या पाठोपाठ येणाऱ्या अहवालाची थोडी जवळून पाहणी करण्यासारखी आहे. पेठांतील जुन्या मंडळाचा छापील वार्षिक अहवाल म्हणजे आठ-बारा पानांची चोपडी. मुखपृष्ठावर श्रींचे छायाचित्र, आत अध्यक्ष, कार्याध्यक्ष, खजिनदार, उत्सवप्रमुख व हिशेबतपासनीस यांची नामावळी, मग आजूबाजूच्या किराणा दुकानदाराच्या, शिंप्याच्या, सायकलवाल्याच्या चौकोनी जाहिराती, आणि अखेरीस दोन रकान्यांत जमा व खर्च. जमेच्या बाजूस मागील शिल्लक, वर्गणी, देणगी, दानपेटी, जाहिराती. खर्चाच्या बाजूस मूर्ती, मंडप, विद्युत रोषणाई, देखावा, वाजंत्री, प्रसाद, मिरवणूक, छपाई आणि किरकोळ. सत्यनारायणाच्या पूजेचा खर्च कधी प्रसादात तर कधी पूजासाहित्यात जातो, आणि ‘किरकोळ’ या सदरात काय काय जाते हे त्या वर्षीच्या खजिनदारालाच ठाऊक. ही चोपडी घरोघर वाटली जाई, आणि दुपारच्या चहाच्या वेळी ती चाळून ‘यंदा रोषणाईला एवढे कशाला?’ असा सवाल करणारा एखादा निवृत्त हेडक्लार्क प्रत्येक वाड्यात असेच. कार्यकर्त्यांना त्याचा जाच होई खरा. पण धर्मादाय आयुक्तांच्या कचेरीला जे साधत नाही ते तो हेडक्लार्क साधीत असे. कायद्याने पाहू जाता १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमान्वये नोंदणी नसलेल्या मंडळानेही लोकांकडून पैसे गोळा करण्याआधी धर्मादाय आयुक्तांची परवानगी घेतली पाहिजे व नंतर हिशेब सादर केला पाहिजे. पोलिसांकडे नोंद असलेली मंडळेच शहरात साडेतीन-चार हजारांच्या घरात आहेत. तेव्हा आलेल्या कागदांवर शिक्का मारण्यापलीकडे त्या कचेरीने काय करावे?

मंडळाच्या खर्चात काळाने जो पालट घडवला तो मूर्तीपेक्षा मूर्तीभोवती अधिक दिसतो. पुण्याच्या पुष्कळ प्रमुख मंडळांच्या उत्सवमूर्ती कायमच्या आहेत; भाऊ रंगारींची राक्षसाचा वध करणारी मूर्ती आजही तीच, मंडईचा शारदा-गजानन तोच, तुळशीबागेची भव्य मूर्ती शिल्पकार डी. एस. खटावकर यांच्या हातची, आणि दगडूशेठ हलवाई गणपतीची सांप्रतची मूर्ती १९६८ सालच्या अमृतमहोत्सवात घडवलेली. उलट मानाचा दुसरा गणपती म्हणून मान मिळवणाऱ्या तांबड्या जोगेश्वरीची मूर्ती दरवर्षी नवी घडते आणि दरवर्षी विसर्जित होते. मूर्ती एकदा झाली की खर्चाला वाट हवी, ती देखाव्याने दिली. पौराणिक पुतळे, मग यंत्राने मान हलवणारे पुतळे, मग खऱ्या माणसांनी वठवलेले जिवंत देखावे, मग गाण्याच्या तालावर उघडझाप करणारे लक्ष दिवे, आणि आता दूरदेशीच्या मंदिरांच्या डोळे दिपवणाऱ्या प्रतिकृती, असा हा क्रम आहे. खटावकरांसारखा कलावंत अभिनव कला महाविद्यालयात शिकवी आणि भाद्रपदात मंडपात उभा राही, तेव्हा चित्रकला शिकणाऱ्या कित्येक मुलांची पहिली कमाई गणपतीच्या मंडपातच झाली; हा खर्च मला कधीच वायफळ वाटला नाही.

घरच्या गणपतीचा खर्च हा या साऱ्याचा न मोजला जाणारा भाग आहे. शाडूची माती गुजरातेतून यावयाची, मूर्ती पेणच्या कारखान्यांतून किंवा कसब्यातील कुंभारवाड्यातून, शेवंती-झेंडू गुलटेकडीच्या बाजारातून, आणि पत्री मंडईच्या बाहेर पदपथावर बसलेल्या बाईकडून, जिच्या पाटीत आघाडा, दूर्वा, शमी, डोरली यांच्या जुड्या बांधलेल्या असतात आणि जी घासाघीस करणाऱ्या गिऱ्हाइकाला ‘देवाच्या कामात काय भाव करता?’ असे सुनावून गप्प करते. गौरी बसणाऱ्या घरात खर्च दुप्पट, साडी-दागिन्यांचा निराळा. उकडीचे मोदक घरी वळणाऱ्या स्त्रियांची संख्या ओसरली तसे ते ऑर्डरीने करून देणाऱ्या गृहिणींचे एक मोसमी धंदेक्षेत्र निर्माण झाले, आणि चितळ्यांच्या दुकानासमोरील माव्याच्या मोदकांची रांग तर पुण्याच्या वैभवांत मोडते. गोव्याच्या चवथीत देवावर टांगली जाणारी माटोळी रानातल्या फळा-पानांची असते आणि तिचा बाजार मुख्यतः खेड्यापाड्यांतील बायांच्या हातात असतो. पैसा शहरातून गावाकडे वाहतो अशा प्रसंगांत चवथीची गणना करावी लागेल.

ढोल-ताशांच्या पथकांचा विषय निराळा, कारण पुण्याच्या उत्सवातील गेल्या पन्नास-साठ वर्षांतील खरी नवी निर्मिती तीच. अप्पासाहेब पेंडशांनी १९६२ साली स्थापिलेल्या ज्ञान प्रबोधिनीने आणि रमणबागेसारख्या शाळांनी शालेय मुलांच्या हाती ढोल दिला, त्याला शिस्त लावली, आणि बघता बघता महाविद्यालयीन तरुण-तरुणी, नोकरदार, संगणक अभियंते यांची पथके उभी राहिली. उत्सवाच्या दीड-दोन महिने आधीपासून मुठेच्या काठी, पुलाखाली, पत्र्याच्या शेडमध्ये संध्याकाळचा सराव चालतो. नवख्याच्या बोटांना फोड येतात, ढोलाचे पान ओढताना दोरीने तळवे सोलवटतात, भिजलेले पान मंदावले की ताशेवाला वैतागतो, आणि नदीपलीकडच्या इमारतीतील रहिवासी पोलिसांना दूरध्वनी करतात. वादक येथे बहुधा बिनपगारी असतो, उलट प्रवेशशुल्क भरतो. मंडळाकडून मिळणारी सुपारी ढोल, पाने, टेम्पो व जागा यांच्या खर्चात जाते आणि काही पथके उरलेली रक्कम सामाजिक कामास देतात. २०२४ च्या ऑगस्टअखेर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने पथकात तीस जणांहून अधिक असू नयेत असा निर्बंध घातला, आणि पंधरवडा लोटण्यापूर्वी सर्वोच्च न्यायालयाने त्यास स्थगिती दिली. पुणेकराने त्या निकालाचे पेढे वाटले. नदीकाठचा रहिवासी कोणाकडे गेला याची दखल घेण्यास कोणाला सवड नव्हती.

आता मूळ मुद्द्याकडे यावे. वर्गणीने चालणारा उत्सव जाहिरातीने चालू लागला तो एका दिवसात नव्हे. ध्वनिक्षेपक, रोषणाई, देखावा यांचा खर्च वाढला, वाडे पडून त्यांच्या जागी सदनिका आल्या, जुनी कुटुंबे कोथरूड-सिंहगड रस्त्याला गेली, पेठेतल्या घरांत गोदामे व कचेऱ्या आल्या, आणि पावतीपुस्तक घेऊन कोणाच्या दारी जावे हा प्रश्न कार्यकर्त्याला पडला. त्याचे उत्तर रस्त्याच्या कडेलाच उभे होते. लक्ष्मी रस्त्यावर, बाजीराव रस्त्यावर, टिळक रस्त्यावर ज्या स्वागत कमानी उभ्या राहतात आणि मंडपाच्या दोन्ही अंगांनी शेकडो फूट धावणारा जो ‘रनिंग मंडप’ बांधला जातो, त्यांवर सराफ, बांधकाम व्यावसायिक, पानमसाला, कपड्यांची दुकाने आणि भावी नगरसेवक यांचे चेहरे दाटीवाटीने नांदतात. एखाद्या मोठ्या मंडळाला यातून मिळणारे उत्पन्न साऱ्या पेठेच्या वर्गणीहून अधिक भरते. महापालिकेनेही हा व्यवहार सोपा केला: २०२२ पासून मंडपाचा परवाना एकदाच पाच वर्षांसाठी देण्याची तजवीज झाली व जाहिरातींवरील शुल्कास माफी मिळाली. कार्यकर्त्यांची बाजू अशी की वर्गणीसाठी दुकानदारांवर जी जबरदस्ती होई तिला जाहिरातीमुळे आळा बसला. आणि ‘पावती फाडली नाही तर बघून घेऊ’ ही भाषा ज्यांनी ऐकली आहे त्यांना या बोलण्यातले तथ्य नाकारता येणार नाही. तरीपण जाहिरात देणाऱ्याला मंडळाच्या कारभाराशी कर्तव्य नसते; त्याला गर्दी हवी असते, आणि गर्दी मोठ्या आवाजाकडे, उंच कमानीकडे, लांबलेल्या मिरवणुकीकडे ओढली जाते. ज्याचे पैसे त्याच्या मनासारखे होते, हा जुनाच न्याय. हेडक्लार्कचे पैसे होते तेव्हा रोषणाई आटोपशीर होती. पानमसाल्याचे पैसे आले आणि ध्वनिक्षेपकांच्या भिंती उभ्या राहिल्या.

न्यूयॉर्कच्या मिरवणुकीत, जिथल्या व्यापारी वृत्तीवर आपण सहज बोट ठेवू, चित्ररथांना आणि मोटारींना मज्जाव आहे. संघटना, बँडपथके, शाळा पायी चालतात आणि मिरवणूक त्याच दिवशी संपते. पुण्याची विसर्जन मिरवणूक मंडईपासून टिळक चौकापर्यंतचे अंतर कापावयास अलीकडे तीस तासांच्या आसपास घेते. मानाचे पाच गणपती, कसबा, तांबडी जोगेश्वरी, गुरुजी तालीम, तुळशीबाग आणि केसरीवाडा, पालखीत किंवा फुलांच्या रथात दिवसाउजेडी पुढे जातात. पुढची रात्र इतरांची. या रात्रीचा जो खर्च कोणत्याही अहवालात येत नाही तो सरकारी तिजोरीवर आणि रस्त्याकाठच्या रहिवाशांच्या कानांवर पडतो. निवासी भागात रात्री पंचेचाळीस डेसिबलची मर्यादा, आणि अभियांत्रिकी महाविद्यालयाची, म्हणजे आताच्या सीओईपी विद्यापीठाची मंडळी वर्षानुवर्षे लक्ष्मी रस्त्यावर जे मोजमाप घेत आली आहेत त्यात आवाज शंभर डेसिबलच्या आसपास, कधी त्यावरही भरतो. हजारो पोलिसांचा बंदोबस्त, विसर्जनाचे हौद व टाक्या, निर्माल्याचे वर्गीकरण करणाऱ्या कचरावेचक स्त्रियांचे श्रम, हे सारे खर्चच आहेत. प्लास्टरच्या मूर्ती पाण्यात विरघळत नाहीत यावर पुण्याच्याच राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने तोड काढली: अमोनियम बायकार्बोनेटच्या द्रावणात मूर्ती ठेवली की दोन-तीन दिवसांत तिचे कॅल्शियम कार्बोनेट आणि खत म्हणून उपयोगी पडणारे अमोनियम सल्फेट होते. महापालिका या बायकार्बोनेटची पूड नागरिकांना मोफत देते. शिकागोच्या नळकामगारांनीही टीकेनंतर तेलयुक्त रंग टाकून वनस्पतिजन्य रंग स्वीकारला. उत्सवाला नदीपुढे नमावे लागते तेव्हा रसायनशास्त्रज्ञ उपयोगी पडतो.

पैसा फार झाला की तो वाईटच, असे म्हणण्याचा मोह टाळलेला बरा. दगडूशेठ हलवाई हा मिठाईवाला. प्लेगात मुलगा गेल्यावर त्याने व त्याची पत्नी लक्ष्मीबाई यांनी गणपतीची स्थापना केली असे सांगतात, आणि आज त्या देवस्थानाच्या दानपेटीतून ससून रुग्णालयातील रुग्णांना भोजन मिळते व पुरंदर तालुक्यातील पिंगोरीसारख्या कोरड्या गावात जलसंधारणाची कामे उभी राहिली आहेत. मुंबईत किंग्ज सर्कलच्या गौड सारस्वत मंडळाच्या गणपतीचा विमा २०२४ साली चारशे कोटींवर गेला आणि पुढल्या वर्षी त्याहून वाढला. त्याच मुंबईत गिरगावच्या केशवजी नाईक चाळीत १८९३ पासून चालत आलेला गणपती अद्याप लहान, मातीचा आणि चाळकऱ्यांचा आहे. दोन्ही ठिकाणी हिशेब चोख असू शकतो. पहिल्या ठिकाणी तो सनदी लेखापाल पाहतो, दुसऱ्या ठिकाणी शेजारी.

२०२० व २०२१ या दोन वर्षांनी या विषयात एक अनपेक्षित प्रयोग घडवून आणला. साथीच्या भीतीने सार्वजनिक मूर्तीची उंची चार फुटांवर व घरगुती मूर्तीची दोन फुटांवर आणली गेली, मंडप आटोपले, लक्ष्मी रस्ता अनंत चतुर्दशीला मोकळा राहिला. मंडपवाले, ढोलांची पाने चढवणारे, वीजकाम करणारे, फुलवाले यांची त्या दोन वर्षांत जी आबाळ झाली तीवरून उत्सवाच्या खर्चावर किती चुली पेटतात हे टीकाकारांना कळले. आणि मंडळांच्या कार्यकर्त्यांनी घरोघर धान्य, औषधे पोचवली तेव्हा ज्या घरांशी मंडळाचा परिचय वर्गणीपुरताही उरला नव्हता तेथे तो नव्याने झाला. निर्बंध उठले त्या २०२२ सालीच मात्र कमानी पूर्वीपेक्षा उंच झाल्या. पुढे २०२५ साली महाराष्ट्र शासनाने गणेशोत्सवास राज्य महोत्सव म्हणून घोषित केले, आणि ज्या उत्सवावर एके काळी सरकारी गुप्तहेरांचा पहारा होता त्याला सरकारचाच आश्रय मिळाला; पेशव्यांनंतर नाहीसा झालेला तो मोठा धनी अशा रीतीने परत आला असे कोणी म्हटल्यास त्याला खोडून काढणे अवघड जाईल.

या सर्वांत एक प्रदेश असा उरला आहे की जेथे वर्गणी अजून आपल्या मूळ रूपात जिवंत आहे, आणि तो पुण्यात नाही. लंडनचे महाराष्ट्र मंडळ १९३२ पासूनचे, उत्तर अमेरिकेतील बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ चे, आणि त्यांच्या छायेखाली नगरोनगरीची मंडळे दरसाल भाद्रपदात शाळेचे किंवा देवळाचे सभागृह भाड्याने घेऊन गणपती बसवतात. पेणची मूर्ती कित्येक आठवडे समुद्रप्रवास करून आलेली असते, ढोल-ताशाचे पथक तेथेही उभे राहते आणि त्याच्या सरावाची तक्रार तेथील शेजारीही पोलिसांत करतात. आयरिशांची गोष्ट येथे अगदी उलटी झालेली दिसते. त्यांचा संत घरी गरीब आणि परदेशी व्यापारी झाला, आमचा गणपती घरी कमानींखाली गेला आणि परदेशी सभासदाच्या शुल्कावर राहिला. कमानीवर जाहिरात देईल असा सराफ तेथील रस्त्यावर नसल्यामुळे नावनोंदणीचे पैसे आगाऊ घ्यावे लागतात, प्रसादाच्या ताटांची मोजदाद करावी लागते, मूर्तीच्या आयातीचा व सभागृहाच्या भाड्याचा ताळेबंद कर खात्यासाठी ठेवावाच लागतो. आणि वार्षिक सर्वसाधारण सभेत, भारतात असता तर मंडपाकडे फिरकलाही नसता असा एखादा गृहस्थ उभा राहून, मागील वर्षी चाळीस ताटे जास्त कशी लागली आणि उरलेला शिरा कोणी घरी नेला, याचा खुलासा खजिनदाराकडे मागतो, व तो मिळेपर्यंत खाली बसत नाही.